कुजबुजसुद्धा नाही

१२ ऑक्टोबर

आज घशाच्या डॉक्टरीणबाईंनी मला भाषण दिलं आणि मी ते मुकाट्यानं ऐकलं. शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, मध्ये तोडायला आवाज नव्हता, म्हणून ऐकलं.

"गाठ निघाली आहे, पण स्वरतंतूंवरची जखम ओली आहे. मी सांगेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही, तिनं जास्त ताण येतो. आणि ओरडायचं तर मनातही आणू नका. एकदा ओरडलात की जखम उकलेल, व्रण राहील, आणि मग जन्मभर फुटक्या पिपाणीसारख्या बोलाल. सभा वगैरे विसरा."

सभा विसरा! मी कोण आहे हे त्या बाईंना माहीत आहे, तरी असं म्हणाल्या. माझ्याकडे ना जमीन ना जुमला ना रूप. माझ्याकडे आवाज आहे. त्या आवाजानं मी नदीतली वाळू उपसणाऱ्यांची झोप उडवली आहे. तो गेला तर माझं काय उरतं, हा प्रश्न मी लिहून ठेवते, उत्तर लिहीत नाही.

घरात गप्प बसणं मला शक्य नाही. वरच्या मजल्यावर नणंद राहते. मी दवाखान्यातून परतले तशी आली आणि दारातूनच सुरू झाली, "वहिनी, अजिबात बोलू नकोस हं! मला डॉक्टरांनी बजावलंय. बरं, दुखतं का? कुठे दुखतं? अगं, सांग तरी!" तिला उत्तर द्यायला माझे ओठ उघडलेसुद्धा होते. घाईघाईनं पाण्याचा घोट घेतला म्हणून निभावलं.

म्हणून ठरवलं, जंगलात जायचं. एकटीनं. गाडीची मागची सीट पाडली की मला पाय पसरून झोपता येतं. जंगलखात्याच्या मुक्कामाच्या जागा आहेत, एकेका ठिकाणी एकेक रात्र गाडीतच काढायची. ज्याच्याशी बोलावं असं माणूसच समोर नको.

ससोबा दुपारभर पुठ्ठे कापून गाडीच्या काचांना आतून बसवत होता. ससोबा म्हणजे माझा नवरा. दातांच्या कवळ्या बनवतो. पालीला घाबरतो, अंधाराला घाबरतो, दारावरची बेल दोनदा वाजली तर तिलाही घाबरतो. माझ्या भाषणात तो नेहमी येतो: "भीती कशी दिसते पाहायचंय? माझ्या घरी या, एक ससा पाळलाय!" लोक हसतात. पहिल्या रांगेत बसून तोही हसतो.

"मी येऊ का बरोबर?" त्यानं विचारलं.

मी पाटीवर लिहिलं, "नको. तू दिसलास की मी बोलेन."

"बोलशील कसली, बाईसाहेब. ओरडशील."

खरं आहे ते.

शस्त्रक्रियेच्या आधी एक फोन आला होता. अगदी शांत आवाज. "ताई, घसा सांभाळा." एवढंच बोलून ठेवला. मी हसले होते. ससोबाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. तो फोन आज पुन्हा आठवायचं काही कारण नाही.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ

पोचले. उंच सरळ झाडं, खाली पाचोळ्याचा जाड थर, एका बाजूला ओढा. उतारावर थोडी सपाट जागा मिळाली. फाटकावरच्या रक्षकानं काही विचारलंच नाही. पाटी हातात घेऊन बसले होते, तर त्यानं हात जोडले, बोटानं जागा दाखवली आणि दांडा वर केला. सभ्य माणूस.

दिवसा जंगल सुंदर होतं. ऊन उतरायला लागलं तसं ते माझ्याकडे बघायला लागलं. हे वाक्य कुण्या कवीनं लिहिलं असतं तर मी त्याला झोडपलं असतं, पण खरंच तसं वाटतं. पाचोळ्यात काहीतरी चालतं. थांबतं. पुन्हा चालतं. मी थांबले की तेही थांबतं.

आणि मला विचारता येत नाही, कोण आहे? मी मंत्र्यांना भर सभेत विचारलं आहे, कोण आहे यामागे? भरल्या सभागृहात त्या प्रश्नानं खुर्च्या करकरल्या आहेत. माझं सगळं धैर्य त्या दोन शब्दांत होतं की काय? ते काढून घेतले तर उरलेली बाई काचेला पुठ्ठा लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे.

१४ ऑक्टोबर, सकाळ

चाकांमागे दगड आहेत.

काल नव्हते. मी गाडी लावली, उतरले, चहा केला, गाडीला चार वेळा वळसा घातला. दगड असते तर ठेच लागली असती. आज उजाडताना दार उघडलं तर मागच्या दोन्ही चाकांना टेकवून दोन मोठे दगड, पक्के रुतवलेले. कुणीतरी वाकून, वेळ घेऊन ते बसवले आहेत. मी आत झोपले असताना. माझं डोकं त्या चाकापासून हातभर अंतरावर होतं.

अर्थ उघड आहे. तू आमच्या हातात आहेस, आम्ही म्हणू तेव्हाच हलशील.

दगड काढताना एक धाडस करून पाहिलं. हातानं ढकलायचे नाहीत, पायानं लाथ मारून उडवायचे. उडाले नाहीत. अंगठा सुजला आहे. ओरडले नाही. याचं श्रेय मला कुणी देणार नाही, म्हणून इथे नोंदवते. दगड निघाले तशी गाडी उतारावरून आपोआप थोडी मागे सरकली. हातब्रेक नीट ओढलेला नव्हता. घाईत राहून गेला असावा.

१५ ऑक्टोबर

पुढच्या जंगलात जाण्याआधी रस्त्यावरच्या दुकानात ब्रेड आणि मेणबत्त्या घ्यायला थांबले. दुकानदारीण म्हातारी, खमकी. मी आत पाऊल टाकलं आणि तिनं गल्ल्यामागून कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. पाटी गाडीत होती.

मी लिहिलं, "तुम्हाला कसं कळलं?"

ती वाचून हसली. ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आम्हाला सगळं कळतं, बाई. जपून जा."

जपून जा! रक्षकानंही काही विचारलं नव्हतं. आता समजलं. माझ्या वाटेवरच्या माणसांना आधीच कळवलेलं आहे, की एक बाई येते आहे, ती बोलू शकत नाही. आणि जी बोलू शकत नाही ती ओरडूही शकत नाही. हे ज्याला ठाऊक आहे तो निवांतपणे माझ्या मागे येऊ शकतो.

तो येतोच आहे. राखाडी गाडी. दुकानातून निघाले तेव्हा मागच्या वळणावर उभी होती. मी वेग कमी केला, तिनंही केला. मी रस्त्याकडेला थांबले, ती दिसेनाशी झाली, पण पुढे गेली नाही. माझ्या बाजूनं कुठलीच गाडी गेली नाही.

चढावर फोनला रेंज आली. ससोबाचा निरोप होता: "इथे सगळं ठीक. रात्री फार गारठा पडतो, दोन स्वेटर घालून झोप." गारठा? मी निघाले तेव्हा शहरात पंख्याशिवाय डोळा लागत नव्हता. याला ताप आलेला दिसतो. एकटा राहिला की जेवत नाही, हे असं होतं. नणंदेचाही निरोप होता: "वहिनी, दादा कुठे उलथलाय? दाराला कुलूप, कवळ्या घ्यायला आलेली माणसं माझ्या दारात तोंडाचं बोळकं करून उभी आहेत." बहिणीच्या तोंडाला लागायला नको म्हणून दुकान बंद करून आत बसला असणार. बाहेरून कुलूप घालून मागच्या दारानं शिरायची युक्ती त्यानं पूर्वीही केली आहे.

दोघांना उत्तर पाठवलं, सगळं छान. हे मी लिहिलेलं सगळ्यात निर्लज्ज खोटं.

परत जावं का? गेले तर सगळे म्हणतील, वाघीण शेपूट घालून आली. पण त्याहून वेगळी एक अडचण आहे, तीही लिहिते. घरी गेले तर मी बोलेन. सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

१६ ऑक्टोबर, सकाळ

गुडघ्यावर वही ठेवून लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर लागलं नाही.

रात्री खाण्याची पिशवी बाहेरच दगडावर राहिली होती. पहाटे धुकं होतं. पुठ्ठा बाजूला करून पाहिलं तर समोरच्या फांदीला काहीतरी लटकत होतं. माणसाच्या डोक्याएवढं. वाऱ्यानं हलकेच फिरत होतं.

माझी पिशवी. तोंड दोरीनं आवळून, उंच फांदीवरून फासावर दिल्यासारखी टांगलेली.

घशात आवाज आला होता. अगदी दातांपर्यंत. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, उशीत डोकं खुपसलं. तिथेच पडून राहिले, ऊन येईपर्यंत. बाहेर पडले तेव्हा गाडीभोवतीची माती रानडुकरांनी उकरून टाकलेली, दगड उलटेपालटे केलेले. म्हणजे रात्री डुकरंही आली होती आणि तो माणूसही. डुकरांची मला आता भीती वाटत नाही. डुकरांना गाठी मारता येत नाहीत.

गाठ मी निरखून पाहिली. नीटनेटकी, दुहेरी. त्या नीटनेटकेपणाचीच जास्त भीती वाटते. चिडलेल्या माणसाशी मी लढले आहे. हा चिडलेला नाही.

झाडांमागे उरलेल्या धुक्यात कुणीतरी खाकरलं. मग शांत.

मी हजारो लोकांना सांगत आले, भीती ही बाहेरून येत नाही, तुम्ही तिला पाट मांडता. आज मला त्या हजारोंपैकी एकेकाच्या घरी जाऊन क्षमा मागावीशी वाटते आहे. ती बाहेरूनच येते. पाट मांडायला ती थांबत नाही.

१७ ऑक्टोबर, दुपार

केलं! मी केलं!

सकाळी जागा बदलली, ओढ्याच्या वरच्या अंगाला गेले. दुपारी पाणी आणायला उतरले तर झुडपांच्या आड ती गाडी. राखाडी. रिकामी. तो कुठेतरी गेला होता. बहुधा माझ्याच गाडीकडे.

पळून जावं असं वाटलं. पाय पळतच होते. पण मग राग आला, आणि देवाशपथ सांगते, राग आल्यावर किती बरं वाटलं! कितीतरी दिवसांनी ओळखीचं माणूस भेटावं तसं.

आत डोकावायला गेले तर काचांना आतून पुठ्ठे. अगदी माझ्या गाडीसारखे, कडासुद्धा तशाच गोल कापलेल्या. माझी नक्कल करतात! माझी गाडी इतकी जवळून पाहिली आहे त्यांनी.

केसातली पिन काढली. पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी फिरवून काढली आणि पिन आत दाबून धरली. फुस्स! केवढा तो आवाज! सगळ्या जंगलाला ऐकू जात असेल असं वाटलं. बोटं घामानं घसरत होती. चाक बसलं. दुसरं घेतलं. ते अर्धं बसलं असताना माझ्या मागे काटकी मोडली.

मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंड उघडलं असतं. मानेवर त्याची नजर अशी जाणवत होती जशी उघड्या दारातून येणारी गार हवा. तो तिथे होता. काही पावलांवर होता. आणि तो हलला नाही. का हलला नाही, देव जाणे. मी पिन दाबून धरली, चाक पूर्ण बसेपर्यंत दाबून धरली, मग उठले आणि धावत सुटले. गाडी सुरू केली ती थेट या डोंगरापलीकडे येऊन थांबवली.

मागे कुणी नाही. रस्ता मोकळा आहे.

अशी चाकं बसायला हवीत यांची! गावोगाव, नदीनदीवर! पुढच्या सभेत हे सांगणार आहे.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळ

ससोबाचा निरोप: "मी जागेवरच आहे, बरा आहे. तू पुढे जा. पुढची जागा छान आहे म्हणतात. वाऱ्याचा अंदाज आहे, मोठ्या झाडाखाली गाडी लावू नकोस."

मी त्याला आजचा पराक्रम लिहून पाठवणार होते. पाठवला नाही. घाबरला असता बिचारा.

१८ ऑक्टोबर, रक्षकाच्या खोलीत

बाहेर अजून झाडं मोडताहेत. क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

दुपारी जंगलाच्या शेवटच्या फाटकाशी आले. आभाळ काळंनिळं, वारा सुटलेला. इथल्या रक्षकानं नेहमीसारखे हात जोडले, काही विचारलं नाही. दांडा वर केला. मग माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहिलं.

"काका मागे राहिले का?"

मी पाटीवर लिहिलं, "कोण काका?"

"तुमचे मिस्टर. राखाडी गाडीवाले." तो गोंधळला. "रोज फोन करतात की आधी. बाई येताहेत, घशाचं ऑपरेशन झालंय, काही विचारू नका, बोलावं लागेल असं काही करू नका. मी मागे आहेच, पण मी आहे हे त्यांना सांगू नका. दिसलो तर ओरडेल म्हणाले." त्यानं जीभ चावली. "सांगायचं नव्हतं का? पण बाई, फाटक बंद करायचं आहे. वादळ येतंय. खालच्या बाजूला जुनी झाडं आहेत, काका बाहेर आले पाहिजेत. आज सकाळपासून फोन नाही त्यांचा."

त्या क्षणाबद्दल मला काही लिहिता येत नाही. एवढंच की पाटी खाली पडली आणि ती मी उचलली.

मी गाडी वळवली. तो आडवा आला. "बाई, आत सोडता येणार नाही. हुकूम आहे." माझी सगळी शस्त्रं, सगळे दाखले, नियम कुणासाठी असतात यावरचं माझं ते गाजलेलं भाषण, सगळं घशाच्या खाली. मी लिहिलं, "त्यांची गाडी चालणार नाही." त्यानं वाचलं आणि दांडा उचलला. "अंधारायच्या आत बाहेर या. नाहीतर मी येतो."

रस्ता पानांनी झाकलेला. दोनदा फांद्या ओढून बाजूला केल्या. वारा असा की दार उघडलं तर मिटेना. वाटभर मी एकच गोष्ट पाहत होते. त्या दुसऱ्या चाकावर मी दाबून धरलेली पिन.

राखाडी गाडी तिथेच होती. तिच्या टपावर अख्खी फांदी कोसळलेली, पुढची काच चुरा. मी पानांत हात घालून दार ओढलं. अंथरूण. दोन स्वेटर. गुंडाळलेली दोरी. उशाशी चष्म्याचं घर. तो नव्हता.

हॉर्न वाजवला. वाऱ्यानं तो माझ्याच कानात परत कोंबला. पुन्हा वाजवला. झाडं एकमेकांवर आपटत होती, त्यात हॉर्न म्हणजे चिलटाचं गुणगुणणं. हाक मारायला हवी होती. दुसरं काही उरलं नव्हतं. मी रस्त्याच्या मध्यावर उभी राहिले, पाय रोवले, मोठ्या मैदानात पहिलं वाक्य टाकायच्या आधी घेते तसा पोटापासून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"ए! खबरदार!"

पायाखालून आवाज आला.

"खबरदार एक शब्द काढलास तर! मीट! तोंड मीट आधी!"

लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्यावर आवाज चढवला नव्हता. त्याच्याकडे असा आवाज आहे हेही मला माहीत नव्हतं. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडातून त्याचं डोकं बाहेर आलेलं, चिखलानं माखलेलं, केसात पानं, आणि तो बोट नाचवत माझ्यावर ओरडत होता. "एवढे दिवस सांभाळलंस आणि आता घालवतेस? अक्कल आहे का? खाली ये! हळू! आणि रडायचं असेल तर बिनआवाजाचं रड!"

पाय मुरगळलेला. झाडं पडायला लागल्यावर गाडी सोडून मोरीत शिरला होता. आत पाल होती म्हणे. पालीसकट बसला होता तेवढा वेळ.

आता रक्षकाच्या खाटेवर पाय वर करून पडला आहे. रक्षकानं पाय बांधून दिला, चहा दिला. वाटेत गाडीत आणि इथे आल्यावरही तो बोलतच आहे. मी ऐकते आहे.

"गाडी भाड्यानं घेतली आणि तुझ्या मागे निघालो. दगड मी लावले होते. तू हातब्रेक ओढत नाहीस कधी. पिशवीही मीच टांगली. डुकरं येत होती गं. मी एका झाडावर आणि पिशवी दुसऱ्यावर. घाबरलीस का?"

मी मान हलवली. नाही.

"मी फार घाबरलो. सारखा घाबरलेलोच होतो." त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "ती चाकांची हवा कुणी काढली, माहीत आहे का?"

पेन्सिल हातात होती. लिहायला पाटीवर टेकवली आणि ती तिथेच थांबली.

"असू दे," तो म्हणाला. "मी पाहत होतो झाडामागून. पाठ माझ्याकडे होती. म्हटलं हाक मारावी. अगदी ओठांवर आली होती. पण म्हटलं, नको. दचकलं असतं माणूस, ओरडलं असतं."

आणि हसून भिंतीकडे वळला.

पाहा! आपल्या गाडीची हवा काढणारा गुंड दचकेल, याची यानं काळजी केली! वादळ येतंय हे ठाऊक असताना! अशा माणसाला काय म्हणावं? एरवी मी त्याला यावरून तासभर झोडपलं असतं. बिचाऱ्याला अजूनही वाटतंय की ते वाळूवाले होते.

सांगायला हवं. तो उठला की पाटीवर लिहून दाखवीन, हवा मी काढली. तीन शब्द आहेत. मघापासून लिहून पुसते आहे. वाचल्यावर तो माझ्याकडे कसा बघेल, याची मला भीती वाटते.